दोन राखाडी ओळी

१. फोनवर आहे, कागदावर नाही

मादेवीचं नाव फोनवर होतं आणि कागदावर नव्हतं.

गोष्ट एवढीशीच. पण तिच्यापायी मैसूरच्या अक्कनागम्मा विद्यार्थिनी निलयाच्या फाटकाशी भर दुपारी एक सोळा वर्षांची मुलगी पत्र्याच्या ट्रंकेवर बसून होती. तिचा बाप सिद्दय्या शेजारी उभा होता आणि फाटकावरचा शिपाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होता, "आजकाल फोनवर काय वाट्टेल ते करून आणतात हो! उद्या मीही आणीन, मैसूरचा महाराजा म्हणून!"

आजूबाजूच्या मुली फिदीफिदी हसल्या. मादेवीनं मान वर केली नाही.

वसतिगृहाच्या बाई लोलाक्षम्मा काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी मुलीच्या फोनमधलं चित्र नीट पाहिलं. सकाळी अकराला वेबसाइटच्या पानाचं काढलेलं. निवड यादीत स्वच्छ लिहिलेलं: मादेवी सिद्दय्या, कग्गलहळ्ळी. मग त्यांनी आपल्या हातातला कागद पाहिला. त्याच वेबसाइटवरून त्यांनी तो दहा वाजता ऑफिसच्या कॉम्प्युटरवर छापून घेतला होता. त्यात ही नव्हती.

"पाच वाजता मी प्रवेश बंद करते," त्या म्हणाल्या. "तोवर कागदावर नाव आलं तर खाट तुझी. नाही आलं तर माझा इलाज नाही, बाळा."

खाट नाही तर कॉलेज नाही, कारण कग्गलहळ्ळीला बसच जात नाही. सिद्दय्याला हा हिशेब पाठ होता. तो जागचा हलला नाही.

लोलाक्षम्मांनी फोन लावला तो सरस्वतीपुरममधल्या सात माणसांच्या कंपनीत. वेबसाइट त्यांनीच बनवलेली. मालक श्रीकंठस्वामी यांनी आधी घाईघाईनं फोनवर दिसणारं पान बंद करायला लावलं आणि मग हाक मारली, "वसुधारा! इकडे ये अम्मा, चोर पकडायचाय."

वसुधारा अरस. वय चौतीस, कंपनीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कडक. कुणाच्याही कामातली चूक तिच्या नजरेतून सुटत नसे आणि ती चूक चारचौघांत सांगायची सवयही तिला सुटत नसे. तिच्या टेबलामागं भिंतीवर तिनंच लिहिलेली पाटी होती: "स्वयंपाक चुलीवर, ताटात नाही." नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी अर्थ सांगे. सर्व्हरवरचा प्रोग्राम ही चूल. अर्ज, गुण, नियम सगळं तिथं शिजणार, कुणाची निवड झाली ते तिथंच ठरणार. टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, हे ताट. शिजलेलं नीट वाढायचं, एवढंच त्याचं काम. ताटानं डोकं चालवलं तर घर बुडालं!

"मुलगी कुठली म्हणालात?" वसुधारानं विचारलं.

"कग्गलहळ्ळी."

वसुधाराची नजर काचेपलीकडे गेली. तिथं नागवेणी बसली होती. वेबसाइटची पानं सजवणारी, फोनसाठीचं नवं पान याच वर्षी बनवणारी नागवेणी.

तीही कग्गलहळ्ळीचीच होती.

२. नागवेणीची जबानी

"मादेवीला ओळखतेस?"

"ओळखते ना अक्का! गावात घरं किती, चाळीस. तिचं दहावीचं गणित मीच करून घेतलं. का, काय झालं? निवड झाली ना तिची?"

वसुधारानं काचेच्या खोलीचं दार लावलं नव्हतं. मुद्दामच. बाहेर सगळ्यांचे हात थांबले होते.

"आज साडेदहा वाजता फोनच्या पानात हात कुणी घातला?"

"मीच. लांब नावं तुटत होती. भुवनेश्वरीदेवीतली देवी खाली पडत होती बिचारी. अक्षर बारीक केलं."

"फक्त अक्षर?"

"हो. म्हणजे..." नागवेणीचं हसू हळूहळू मावळलं. "अक्का, तुम्ही मला काय विचारताय?"

वसुधारानं लोलाक्षम्मांनी पाठवलेली कागदाची प्रत पुढं सरकवली. "दोन्ही पानं एकाच यादीवरून बनतात. कॉम्प्युटरच्या जुन्या पानावर ही मुलगी नाही. तुझ्या पानावर आहे. तुझ्या गावची आहे. तूच सांग, मी काय विचारू?"

नागवेणीनं कागद हातात घेतला. त्यावरून बोट फिरवलं आणि ती भलतंच बोलली. "हे आपलंच पान? माझ्या पट्ट्या बिघडल्यात. एक ओळ राखाडी, एक पांढरी, अशा घातल्या होत्या मी. इथं मधेच दोन राखाडी शेजारी शेजारी आल्यात."

"नागवेणी! एका पोरीचं नाव घुसलंय आणि तू पट्ट्या बघतेस?"

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. नागवेणीचे कान लाल झाले.

"मी नाव घातलेलं नाही," ती म्हणाली. "मी जुन्या पानातलं दाखवण्यापुरतं तेवढं उचललं. दुसरं काही घेतलंही नाही, घातलंही नाही."

"मग नाव आलं कुठून? आकाशातून?"

 शेजारी बसलेल्या श्रीकंठस्वामींनी हात पुढं केला. तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं. चौकशी होईपर्यंत घरी.

मग वसुधारानं लोलाक्षम्मांना फोन केला. त्यांचा फोन नेहमीसारखा मोठ्या आवाजावर होता, फाटकाजवळ सगळ्यांना ऐकू जाणारा. तिला ते माहीत होतं. तरी ती म्हणाली, "बहुधा आमच्याच एका मुलीनं आपल्या गाववालीचं नाव घुसवलंय, अम्मा. आम्ही बघतोय."

दाराशी पोचलेली नागवेणी थबकली.

"येते, मॅडम," ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच अक्काची मॅडम झाली होती.

३. रिकामं ताट

आता फक्त पुरावा. वसुधारानं फोनच्या पानाचा साचा उघडला. मादेवीचं नाव त्यात कुठं चिकटवलंय ते शोधायचं आणि श्रीकंठस्वामींच्या पुढ्यात ठेवायचं. दहा मिनिटांचं काम!

दहा मिनिटं झाली. वीस झाली.

साचा आरशासारखा स्वच्छ होता. यादीतलं एक नाव घे, दाखव. पुढचं घे, दाखव. संपलं. इतकं नेटकं ताट तर वसुधारानं स्वतःही कधी मांडलं नव्हतं.

"नाव काढून टाकलं असेल तिनं," श्रीकंठस्वामी म्हणाले. "चोर काय मुद्देमाल उघड्यावर ठेवतो?"

"मग पान चालू करून बघू. फक्त माझ्या कॉम्प्युटरवर. नाव काढलं असेल तर दिसणार नाही."

पान चालू झालं. वसुधारा नावांवरून खाली सरकत गेली. सुमलता, चंदनप्रिया, भुवनेश्वरीदेवी...

मादेवी सिद्दय्या, कग्गलहळ्ळी.

कुणीही हात न लावता, स्वच्छ ताटात, जिवंत. म्हणजे नाव यादीतच होतं. चुलीवरूनच आलं होतं.

आणि चुलीशी एकच माणूस बसत असे.

४. पोन्नप्पा कॉफी पाजतो

"ये, मलाही बेड्या घाल," पोन्नप्पा म्हणाला. कोडगूचा हा गडी प्रोग्राम लिही आणि गंभीर प्रसंगी हमखास विनोद करी. त्यानं एक कॉफी दोन पेल्यांत ओतली. "नागवेणीला घरी पाठवलंस, आता माझा नंबर. संध्याकाळपर्यंत सरांनाही आत टाकशील."

"मादेवीचं नाव तू यादीत घातलंस?"

"कधी घालू? तूच सांग. दहाला निकाल लागला आणि यादीला कुलूप लागलं. आता उघडायला दोघांचा पासवर्ड लागतो, माझा आणि निलयाच्या सेक्रेटरींचा. सेक्रेटरी तिरुपतीला रांगेत उभे आहेत, फोन खाली जमा करून. पानांवर दिसतं त्यापलीकडे मलाही बघता येत नाही."

"दहाच्या आधी घातलं असशील."

"घातलं असतं. मग ते दोन्ही पानांवर आलं असतं ना, शहाणे?"

वसुधाराचा पेला ओठाशीच राहिला. आधी घातलं तर दोन्हीकडे दिसायला हवं. नंतर घालता येत नाही. एकाच पातेल्यातून दोन ताटं वाढली आणि एकातच एक घास जास्त. हे होऊच शकत नव्हतं.

"तिची निवड नियमात बसते?" तिनं हळूच विचारलं.

"यंदा बसते. आधी मैसूर तालुक्यातल्या मुलींना घेतच नव्हते, घर जवळ म्हणून. मार्चमध्ये त्यांनी नियम बदलला. तालुक्यातली असली तरी गावाला बस नसेल तर घ्यायची. मी प्रोग्रामात बदल केला." पोन्नप्पानं पेला ठेवला. "तुला विचारलंही होतं. हा तालुक्याचा नियम आणखी कुठे लिहिलाय का, म्हणून."

"मी काय म्हणाले?"

"काही बोलली नाहीस. पाटीकडे बोट दाखवलंस आणि माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी देवळात चप्पल घालून आलोय."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

५. छत्तीस, अडतीस

वसुधारा जागेवर आली. टेबलावर लोलाक्षम्मांच्या कागदाची प्रत पडली होती. तिनं ती ढकलून दिली आणि मग परत ओढली.

माझ्या पट्ट्या बिघडल्यात.

पट्ट्या बिघडत नसतात. तो रंग कुणी हातानं भरत नाही. यादीतला क्रमांक सम असेल तर ओळ राखाडी, विषम असेल तर पांढरी. क्रमांक प्रोग्रामकडून येतो. राखाडी, पांढरी, राखाडी, पांढरी, साठपर्यंत चुकणं शक्यच नाही. मग दोन राखाडी शेजारी कशा?

तिनं वरच्या राखाडी ओळीवर बोट ठेवलं. छत्तीस.

खालच्या राखाडी ओळीवर ठेवलं. अडतीस.

 तिनं नावं मोजली, पेन्सिलीची टोकं मारत, लहान मुलीसारखी. शेवटचा क्रमांक साठ होता. नावं एकोणसाठ.

सकाळपासून सगळ्यांनी शेवटचा आकडा बघितला होता. साठ खाटा, साठ आकडा, झालं! नागवेणीच्या पानावर जागा अपुरी म्हणून क्रमांक दाखवलेच नव्हते, त्यामुळे तिथंही कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे चोर शोधत होते, कुणीतरी एक नाव आत घातलं म्हणून. आत कुणी काहीच घातलं नव्हतं. एक नाव बाहेर पडलं होतं.

"लोलाक्षम्मा," तिनं फोनवर विचारलं, "सदतीस नंबरच्या खाटेवर कोण आलं?"

"सदतीस? थांबा हं." पानं चाळल्याचा आवाज. "कुणी नाही बघा. यादीत सदतीसवर नावच दिसत नाही. आत्ताच दिसलं मला. पाचनंतर प्रतीक्षा यादीतल्या पोरीला देते."

वसुधारानं जुन्या पानाचा साचा उघडला. चार वर्षं ते पान चालत होतं, म्हणून कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. वरून खाली ती एकेक ओळ वाचत गेली. शीर्षक. यादी सुरू. राखाडी, पांढरी. आणि मधेच, नावं वाढायच्या जागी, एक ओळ होती जी वाढत नव्हती. ठरवत होती.

तालुका मैसूर असेल तर ही ओळ दाखवू नये.

ताट स्वयंपाक करत होतं!

कुणी केलं हे? तिचा संताप असा उसळला की समोर कुणी असतं तर गेलंच असतं. नावासाठी तिनं बदलांची नोंद उघडली. दोन वर्षांपूर्वीची तारीख, निकालाचीच सकाळ, दहाला सात मिनिटं कमी. शेजारी शेरा होता: "तात्पुरतं. उद्या काढणे."

आणि खाली व. अ.

तिला सगळं आठवलं. सेक्रेटरींचा फोन. यादीत शहरातली एक मुलगी आलीय, आत्ताच्या आत्ता काढा. प्रोग्राम बदलायचा तर तपासणी, अर्धा तास. हातात सात मिनिटं. तिनं गुपचूप पानात एक ओळ लिहिली आणि कुणाला सांगितलं नाही, कारण सांगणार कुणाला? पाटी तिचीच होती. त्याच आठवड्यात पोन्नप्पानं नियम प्रोग्रामात नीट बसवला. ही ओळ काढायची राहिली. दोन वर्षं दोन्हीकडे एकच नियम, म्हणून काही बिघडलं नाही. मार्चमध्ये चूल बदलली. ताट जुन्याच हुकमावर चालत राहिलं.

नागवेणीनंही ही ओळ पाहिली असणार. आणि ठरवण्याचं काम ताटाचं नाही, मग हा कचराच, असं समजून नव्या पानात घेतली नसणार. साऱ्या कंपनीत वसुधाराचं म्हणणं मनापासून खरं मानणारी ती एकटी निघाली, आणि तिलाच वसुधारानं दार उघडं ठेवून झाडलं होतं.

बाहेर लोक काम करत होते. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. तरीही वसुधाराला मान वर करता येईना.

६. मोठ्यानं

"काढून टाक ती ओळ," श्रीकंठस्वामी म्हणाले. वसुधाराकडून त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं. "मुलीला खाट मिळेल. वसतिगृहाला सांगू, मशीन बिघडलं होतं. नागवेणीला उद्या बोलावू, म्हणू की गैरसमज झाला. तुझं नाव कशाला मधे?"

किती सोपं होतं! वसुधाराला ते हवंसंही वाटलं, आणि हवंसं वाटलं म्हणून तिला स्वतःची आणखीनच किळस आली.

"सर, मशीन बिघडलं नव्हतं," ती म्हणाली. "नागवेणीचं ओळखपत्र द्या."

ओळ काढली. जुनं पान पुन्हा उघडलं, सदतीसवर मादेवी आली. छापील कागद घेऊन वसुधारा रिक्षात बसली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. वाटेत तिनं बोलायचं वाक्य चारदा जुळवलं आणि चारही वेळा त्यात 'नजरचूक' हा शब्द आला. तो तिनं चारही वेळा काढला.

फाटकाशी ट्रंक होती. तिच्या एका टोकाला मादेवी आणि दुसऱ्या टोकाला नागवेणी. घरी पाठवलेली मुलगी घरी गेलीच नव्हती. इथं येऊन बसली होती.

लोलाक्षम्मांनी कागद पाहिला, सदतीसवर खूण केली, चष्मा काढला. "मग हे झालं कसं?"

"मी केलं," वसुधारा म्हणाली. आवाज अगदीच बारीक निघाला. तिनं घसा खाकरला. "दोन वर्षांपूर्वी घाईत मी पानात एक हुकूम लिहिला आणि विसरले. त्यानं मादेवीचं नाव लपवलं. हिची निवड खरी आहे. नागवेणीनं काही केलं नाही. दुपारी फोनवर मी जे बोलले ते खोटं होतं. तपासायच्या आधीच बोलले."

शिपाई दुसरीकडे बघायला लागला. मादेवी उठून उभी राहिली आणि तिला हसावं की रडावं ते कळेना. वसुधारानं ओळखपत्र पुढं केलं. नागवेणीनं ते घेतलं नाही.

"उद्या येशील?"

"बघीन, मॅडम."

"नागवेणी, मी..."

"त्या काचेच्या खोलीत तुम्ही दार उघडं ठेवलं होतं," नागवेणी म्हणाली. चिडूनही नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "माझी माफी मागायची तर तिथं मागा. इथं मला कोण ओळखतं?"

वसुधारा हो म्हणाली. म्हणजे मान हलवली. 

तेवढ्यात सिद्दय्या पहिल्यांदा बोलला. "अम्मा, खाट मिळाली, पोरीचं भलं झालं. पण दुपारीच गावात फोन गेलेत. रेशीमकिड्यांच्या शेडवर लोक म्हणतायत, सिद्दय्यानं आणि त्या नागवेणीनं मिळून नाव घुसवलं. मी परत जाऊन काय सांगू?"

"मी फोन करते तुमच्या गावात. कुणाला करू?"

"फोन नको. लिहून द्या."

लोलाक्षम्मांनी निलयाचा छापील कागद दिला. वसुधारानं ट्रंकेवरच टेकवून लिहिलं. नागवेणी खांद्यावरून बघत होती. "माझंही नाव घाला," ती म्हणाली. "गाव एकच आहे." वसुधारानं घातलं. सही केली, पूर्ण नावानं.

सिद्दय्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि लेकीला दिला. "मला वाचता येत नाही. वाच."

मादेवी पुटपुटल्यासारखी वाचायला लागली.

"मोठ्यानं."

जिन्यावरून मुली उतरत होत्या, संध्याकाळचा चहा घ्यायला. त्या थांबल्या. मादेवीनं श्वास घेतला. "मादेवी सिद्दय्या हिची निवड नियमानं झाली आहे. तिचं नाव यादीतून गेलं ते माझ्यामुळे. तिनं, तिच्या वडिलांनी किंवा नागवेणीनं कसलीही लबाडी केलेली नाही. त्यांच्यावर आळ मी घेतला, आणि तो खोटा होता. वसुधारा अरस."

 वसुधाराला वाटलं, झालं आता, जावं. तिनं पर्स उचलली.

"थांबा अम्मा," सिद्दय्या म्हणाला. आवाजात राग नव्हता. वरच्या मजल्यावरून अजून काही मुली खाली येत होत्या. त्या सगळ्या येऊन उभ्या राहीपर्यंत तो थांबला आणि मग लेकीला म्हणाला, "आता परत वाच. सुरुवातीपासून."

वसुधारानं पर्स खाली ठेवली आणि ती उभी राहिली.